मांदेली पुढच्या ओळीत आली की

आमच्या व्हॉलीबॉल संघातल्या लिफ्टरची, म्हणजे मारणारीला बॉल वर उचलून देणाऱ्या मुलीची, उंची १५४ सेंटिमीटर. संघातल्या मुली तिला त्या इवल्याशा माशावरून मांदेली म्हणतात आणि ती ते मनावर घेत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये एका निवड चाचणीला मी तिला आणि आणखी दोघींना घेऊन गेलो होतो. भिंतीला पाठ लावून उंची मोजली गेली, वहीत आकडा पडला, आणि टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करताच विचारलं, "ही लिबेरो ना?" लिबेरो म्हणजे फक्त मागे राहून बचाव करणारी.

मी म्हटलं, "नाही, लिफ्टर."

"मग कशाला आणलीत एवढ्या लांबून?"

तिनं एकही बॉल उचलायच्या आत तिची चाचणी संपली. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. घाटीतलं एक वळण गेल्यावर म्हणाली, "सर, लिबेरो वाईट असते काय हो?"

"वाईट नसते गो. पण तुझं काम वेगळं आहे."

उत्तर दिलं खरं, पण माझं मलाच ते पुरेसं वाटलं नाही. बुटकी मुलगी लिफ्टर म्हणून खेळवावी की नाही, खेळवली तर तिची किंमत संघ कुठे मोजतो, आणि ती किंमत कमी करता येते का, एवढाच हा प्रश्न. त्याचा माग काढता काढता मी जपानच्या महिला संघाच्या साठ वर्षांच्या इतिहासात जाऊन पोचलो. तिथून जे आणलं त्यातलं काही कामी आलं, काही माझ्याच चुकीनं वाया गेलं.

आमचं सामान

शाळा दापोली तालुक्यात, हर्णै-मुरूडच्या पट्ट्यात. मैदान जांभ्याच्या मातीचं, एका अंगाला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला माड. शाळा सुरू होते पावसात, शालेय स्पर्धा होतात पावसात, आणि मैदान सुकतं तेव्हा सहामाही आलेली असते. जून ते सप्टेंबर मैदानावर शेवाळ, उभं राहिलं तरी पाय सरकतो. घाटावरच्या शाळा त्याच महिन्यांत सराव करून तयार होतात. हे रडगाणं नव्हे, सरावाचं वेळापत्रक असं का आहे ते कळावं म्हणून सांगतोय.

गावातले पुरुष संध्याकाळी शूटिंगबॉल खेळतात. दोन्ही हात जुळवायचे आणि ठोसायचं. मुली ते बघत मोठ्या झालेल्या, त्यामुळे आठवीत माझ्याकडे येतात तेव्हा हातांना ठोशाचीच सवय. बोटांवर बॉल घेऊन आवाज न करता सोडणारी मुलगी पाच वर्षांत एखादी मिळते. मांदेली ती. जाळ्याची गाठ मारणाऱ्या घरातली बोटं म्हणून असं, असं तिचे बाबा म्हणतात. मला ते काही पटत नाही, पण बोटं आहेत खरी. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत होडी झापांनी शाकारलेली असते आणि बाबा पडवीत जाळी दुरुस्त करत बसतात. आमचं फाटलेलं नेटही त्यांनीच शिवून दिलं, नायलॉनच्या हिरव्या दोऱ्यानं. ते अजून तसंच आहे, मधोमध हिरवं ठिगळ.

चाचणीची हकिगत शिक्षक खोलीत सांगितली तेव्हा दोन सल्ले मिळाले. पहिला, तिला लिबेरो करून टाका. लिबेरो फक्त मागच्या ओळीत खेळते, तिला ब्लॉक (नेटशी उडून हातांची भिंत) करता येत नाही, नेटच्या उंचीवरून मारता येत नाही, पुढच्या पट्ट्यात उभी राहून तिनं बोटांनी वर दिलेला बॉल साथीदाराला नेटवरून मारता येत नाही. म्हणजे जे हात मला हवेत तेच बांधून ठेवायचे. दुसरा सल्ला नेहमीचा, "जपानी पोरी बघा. बुटक्या असून ऑलिंपिक जिंकल्या. जिद्द लागते!" जिद्द हा शब्द आमच्याकडे प्रत्येक बक्षीस समारंभात नारळासोबत फुटतो. मला त्याचा कंटाळा आहे. म्हणून म्हटलं, बघू तरी नेमक्या जिंकल्या कशा.

जपाननं काय केलं, आणि नंतर काय झालं

जपानमध्ये आधी नऊ-नऊ जणांचं व्हॉलीबॉल चाले. आमच्या शूटिंगबॉलसारखंच, घरचा खेळ वेगळा आणि जगाचा वेगळा. सहा जणींचा खेळ शिकून त्या १९६० साली ब्राझीलच्या जागतिक स्पर्धेत उतरल्या आणि दुसऱ्या आल्या. १९६२ साली मॉस्कोत सोव्हिएत संघाला त्याच्याच घरी हरवून विजेत्या झाल्या. १९६४ साली टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, आणि २३ ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी सोव्हिएत संघाला १५–११, १५–८, १५–१३ असं हरवलं. अख्ख्या स्पर्धेत एकच सेट गमावला, तोही पोलंडकडून. कर्णधार मासाए कासाई, प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. बारापैकी दहा जणी एकाच सूतगिरणीच्या संघातल्या, ओसाकाजवळच्या निचिबो काइझुकाच्या. दिवसा गिरणीत काम, मग मध्यरात्रीपर्यंत सराव.

दाइमात्सुंच्या सरावाच्या क्रूर कथा पुष्कळ आहेत. त्यातलं माझ्या उपयोगाचं एकच, कोलांटी. बॉलकडे झेप घ्यायची, तो उचलायचा, पडता पडता खांद्यावरून लोळण घ्यायची आणि त्याच झोकात पायांवर उभं राहायचं. नुसती डाइव्ह मारली की खेळाडू जमिनीवर आडवी पडते आणि पुढचे दोन सेकंद संघ पाच जणींचा होतो. कोलांटीत सहावी लगेच परत येते. याला जिद्द म्हणा हवं तर, मी याला मोजमाप म्हणतो. नऊ बाय नऊ मीटरच्या अर्ध्या मैदानातली किती जमीन एका मुलीच्या वाट्याला येते, आणि ती पुन्हा उभी किती वेळात राहते.

समारंभातल्या भाषणाला एवढं पुरतं. शिकवणाऱ्याला त्यापुढचं लागतं.

टोकियोच्या त्या सामन्यातला शेवटचा गुण सोव्हिएत खेळाडूचा हात नेटवरून पलीकडे गेला म्हणून जपानला मिळाला. गंमत बघा, त्या ऑलिंपिकनंतर लगेच नियम बदलला आणि ब्लॉक करताना हात नेटपलीकडे नेण्याची मुभा मिळाली. १९७६ नंतर आणखी एक बदल झाला, ब्लॉकला लागलेला बॉल तीन स्पर्शांत धरायचा नाही असं ठरलं. म्हणजे ब्लॉकला हात लागूनही पुढे पूर्ण तीन स्पर्श शिल्लक. या दोन दुरुस्त्यांनी उंचीचा भाव वाढवला. आधी उंच मुलगी मारायलाच उपयोगी होती, आता नुसती उभी राहून हात वर केले तरी उपयोगी.

मधल्या काळात जपान थांबलं नव्हतं. १९६८ आणि १९७२ ला ऑलिंपिक रौप्य. १९६७ च्या जागतिक सुवर्णपदकाची मला फार मातब्बरी नाही, पूर्व युरोपच्या बहिष्कारामुळे तिथे चारच संघ उरले होते. पण शिगेओ यामादांच्या हाताखालचा १९७४ आणि १९७६ चा संघ म्हणजे कळस. माँट्रियलला एकही सेट न गमावता सुवर्ण, अंतिम सामन्यातला शेवटचा सेट १५–२. ब्लॉकर उडायच्या आत बॉल मारून मोकळं व्हायचं, असा वेगवान, ठेंगण्या लिफ्टचा खेळ.

मग शेजाऱ्यानं तो उचलला. दाइमात्सु १९६५ साली चाऊ एन-लाय यांच्या निमंत्रणावरून चीनमध्ये शिकवायला गेले होतेच. चीननं जपानचा बचाव घेतला, वेग घेतला, आणि त्यावर लांग पिंगसारख्या उंच मुली बसवल्या. १९८१ ते १९८६ दरम्यान विश्वचषक, जागतिक स्पर्धा, ऑलिंपिक मिळून सलग पाच अजिंक्यपदं. जपान १९८४ ला तिसरा, १९८८ ला चौथा, १९९२ ला पाचवा, १९९६ ला नववा. २००० साली सिडनीला पात्रच ठरला नाही.

खापर कुणाच्या माथ्यावर फुटलं? योशिए ताकेशिताच्या. लिफ्टर, उंची १५९ सेंटिमीटर. एवढी बुटकी लिफ्टर घेऊन जग जिंकता येत नाही, असं तिला उघड ऐकवलं गेलं. २००२ मध्ये ती खेळ सोडून बसली, मग परतली. २००६ ची जागतिक स्पर्धा जपानमध्येच झाली. जपान सहावा आला आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली सहाव्या आलेल्या संघाच्या लिफ्टरची. २०१० ला जागतिक कांस्य, आणि २०१२ ला लंडनमध्ये २८ वर्षांनी ऑलिंपिक पदक, कांस्य. तिथला चीनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवतो: २८–२६, २३–२५, २५–२३, २३–२५, १८–१६. पाच सेट, प्रत्येक दोन गुणांनी सुटलेला. साओरी किमुरा आणि युकिको एबाता यांचे प्रत्येकी ३३ गुण. बॉल पोचवणारी ताकेशिता.

लंडनला ताकेशिता डाव्या हाताचं मोडलेलं बोट घेऊन खेळली. ती गोष्ट मी मुलींना सांगितली नाही. सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी मुरगळलेलं बोट माझ्यापासून लपवलं असतं.

सामना पहिल्या वेळी पाहताना मी बॉल बघत होतो. तिसऱ्यांदा पाहताना ताकेशिता पुढच्या ओळीत आली की बाकीच्या काय करतात, ते बघायला लागलो.

तीन रोटेशन

ज्यांनी खेळ सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्व्हिस परत मिळाली की संघ एक घर फिरतो. लिफ्टर तीन घरं मागच्या ओळीत असते, तीन पुढच्या. मागे असताना तिच्या उंचीला कुणी विचारत नाही, आणि पुढे मारायला तिघी असतात. ती पुढे आली की दोन गोष्टी एकदम घडतात. मारणाऱ्या दोनच उरतात, आणि ब्लॉकच्या भिंतीत एक खिडकी उघडी पडते. शिवाय ती ब्लॉकला सवयीनं उजवीकडे उभी राहते, तिच्या समोर येते पलीकडची डाव्या बाजूची मारणारी, म्हणजे बहुतेक संघांची सगळ्यात तगडी पोरगी.

पूर्वी गुण फक्त स्वतःच्या सर्व्हिसवर मिळे. आपली सर्व्हिस असताना ब्लॉक फसला तर नुसती सर्व्हिस जायची. शतक बदलता बदलता रॅलीची पद्धत आली आणि आता प्रत्येक फसलेल्या ब्लॉकला गुण मोजावा लागतो. बुटक्या लिफ्टरचा हिशेब त्यामुळे आणखी कडक झाला.

आदल्या वर्षी जिल्ह्याला आम्ही एक सेट २१–२५ हरलो होतो. त्याची गुणपत्रिका माझ्याकडे होती. घरांप्रमाणे मांडून पाहिली. मांदेली मागे असताना आम्ही १६–१३ पुढे. ती पुढे असताना ५–१२. एवढा स्वच्छ आकडा पाहून मला थोडं वाईटच वाटलं. टेबलामागच्या गृहस्थांनी हे आकडे न पाहताच तेच म्हटलं होतं.

पण आकडा नीट पाहिला तर त्या बारांपैकी ब्लॉकवरून गेलेले चारच. पाच वेळा आमचा पहिला पासच वाकडा गेला होता आणि तिला एंड लाइनपर्यंत पळून बॉल काढावा लागला होता, दोन मारणारींमध्ये तसा बॉल म्हणजे पलीकडच्यांना आंदणच. बाकीच्या तीन सर्व्हिस नेटमध्ये. उंचीच्या नावावर आम्ही पासाची आणि सर्व्हिसची उधारी खपवत होतो. जपानचं शहाणपण मला इथे समजलं. १९६४ च्या त्या मुलींनी उंचीवर उपाय शोधला नव्हता. बॉल नेटपाशी अचूक पोचवला की उंचीचा प्रश्न निम्मा होतो, एवढं त्यांना कळलं होतं.

मग आम्ही तीन गोष्टी धरल्या. कोलांटी मातीवर शिकवणं शक्य नव्हतं, जांभा खांदे सोलून काढतो. ओहोटीची वेळ पाहून किनाऱ्यावर गेलो. ओली पुळण लोळायला गादीसारखी असते. पहिल्या दिवशी सगळ्या हसत सुटल्या, दुसऱ्या दिवशी वेण्यांमधली वाळू निघेना म्हणून दोघींच्या आया भांडायला आल्या. तिसऱ्या आठवड्यात मांदेलीनं एका बॉलवर लोळण घेतली आणि उठताना तिच्या नजरेत पुढचा बॉल होता. मागचा नव्हता. तेवढं दिसलं की माझ्यासारख्या माणसाचा पावसाळा वसूल होतो.

दुसरी, ब्लॉकची जागा. आमच्या सर्व्हिसवर ती पुढच्या ओळीत असेल तर बॉल उडताक्षणी तिनं डावीकडे सरकायचं, म्हणजे पलीकडच्या तगड्या मारणारीसमोर आमची १६६ सेंटिमीटरची उभी राहील.

तिसरी, दुहेरी बदल. लिफ्टर चार नंबरच्या घरात, म्हणजे पुढे डावीकडे आली की तिला बाहेर काढून मारणारी आत घ्यायची, आणि त्याच वेळी तिच्या समोरच्या घरातली, जी एक नंबरला, म्हणजे मागे उजवीकडे सर्व्हिसच्या घरात असते, तिला काढून दुसरी लिफ्टर घ्यायची. म्हणजे पुढे मारायला पुन्हा तिघी आणि लिफ्टर मागे. तीन घरं फिरली की दोघींना परत. सेटमध्ये सहा बदल मिळतात, यात चार जातात, आणि बाहेर गेलेली एकदाच आत येऊ शकते. म्हणून सेटला हा पत्ता एकदाच.

१३–१५

तालुका आरामात गेला. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात समोर जी शाळा होती तिची डावीकडची मारणारी १७२ सेंटिमीटर, हात आणखी लांब. पहिला सेट आम्ही २५–१९ घेतला. दुहेरी बदल घड्याळासारखा चालला, पास सरळ, मांदेली मागून शांतपणे बॉल देत होती. दुसरा गेला २१–२५. तिसरा १५ चा.

११–१० आम्ही पुढे, नुकतीच सर्व्हिस परत मिळालेली, रोटेशन झालं आणि मांदेली चार नंबरवर आली. माझा हात आपोआप वर गेला. बदल.

आता काय घडलं ते बघा. दुहेरी बदलात दुसरी लिफ्टर आत येते ती एक नंबरच्या घरात, म्हणजे थेट सर्व्हिसला. ही नववीतली मुलगी अर्धा तास बाकावर बसून गारठलेली. सर्व्हिस नेटमध्ये. ११–११. पुढच्या रॅलीला तिनं बॉल वर दिला तो दोन्ही हातांनी वेगवेगळा लागला, डबल. ११–१२. त्यानंतरचा नेटला इतका चिकटला की पलीकडच्या ब्लॉकरनं तो तिथल्या तिथे खाली दाबला. ११–१३. तिच्या ओठांना कोरड पडलेली मला बाकावरून दिसत होती. मी दोन्ही बदल उलटवले.

मांदेली परत आली, पुढच्या ओळीतच. पास सरळ आला, तिनं मधल्या मारणारीला फास्ट, म्हणजे ठेंगणा झटपट बॉल दिला, १२–१३. रोटेशन, आमची सर्व्हिस, पलीकडच्यांचा फटका बाहेर, १३–१३. मग १७२ वालीनं एक बॉल रेषेत मारला, त्याला इलाज नव्हता. १३–१४. शेवटच्या रॅलीत पास पुन्हा चांगला. मांदेलीनं उजवीकडून लिफ्ट दिली, आमच्या मुलीनं जोरात मारलं, आणि पलीकडच्या लिबेरोनं तो जमिनीवरून उचलला. मांदेली लिफ्ट देऊन उजवीकडेच होती. डावीकडे सरकायला वेळ नव्हता. बॉल सरळ १७२ वालीकडे गेला. मांदेली उडाली, पूर्ण उडाली, आणि बॉल तिच्या बोटांवरून गेला.

चाचणीच्या टेबलामागचे गृहस्थ त्या एका बॉलपुरते बरोबर ठरले, हे मी नाकारत नाही. पण त्याआधीचे तीन गुण उंचीनं घेतले नाहीत, मी घेतले. दुसऱ्या लिफ्टरला तिसऱ्या सेटच्या आधी शंभर बॉल हाताखालून घालवायला हवे होते, निदान बाकामागे सर्व्हिसचा हात मोकळा करायला लावायला हवा होता. मी बदलाचा सराव घेतला, बदली मुलीचा घेतला नाही. आणि १५ च्या सेटमध्ये २५ च्या सेटची सवय चालवली. चार गुण उरलेले असताना गरम हात बाहेर काढून गार हात आत घेणं हा निर्णय मी आज घेणार नाही.

शाळेत परतल्यावर मी नववीतल्या त्या मुलीची समजूत काढायला गेलो, तर मांदेली आधीच तिथे होती. "सरांनी तुला गार उतरवलीन गो," ती तिला सांगत होती. मी दारातूनच मागे फिरलो.

यंदा मांदेली अकरावीत, १९ वर्षांखालच्या गटात. उंची १५५, एका सेंटिमीटरची तिनं मला मुद्दाम बातमी दिली. नववीतली आता दहावीत. आणि सातवीत एक नवीन पोरगी आली आहे, आत्ताच १६४, हातपाय कुठे ठेवावेत ते तिचं तिला कळत नाही. सगळ्यांना वाटलं मी तिला मारायला शिकवणार. गेल्या आठवड्यापासून ती ओहोटीच्या वेळी मांदेलीबरोबर पुळणीवर उभी असते, बोटं पसरून, कपाळासमोर, आणि मांदेली बॉल तिच्याकडे टाकत म्हणते, "ठोसू नको गो. आवाज येतोय. परत."